केंब्रिजला अर्ज करताना कॉलेज कुठलं टाकायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की लेक बारावीला आहे, केंब्रिजला इंजिनिअरिंगसाठी अर्ज करणार आहे, फॉर्मवर एक कॉलेज निवडायचंय आणि घरात एकमत होत नाहीये. तिच्या बाबांना ट्रिनिटीच हवंय कारण नाव मोठं, आणि तुम्हाला वाटतंय एखादं कमी गर्दीचं कॉलेज टाकावं म्हणजे चान्स वाढेल. मी इथे केंब्रिजला बरीच वर्षं पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते आणि कॉलेजमध्ये ट्यूटरचं कामही केलंय, म्हणजे मुलांच्या खोल्या, पैसे, आजारपणं, घरच्या अडचणी हे सगळं जवळून बघितलंय. माझं मत सरळ सांगते, नाव आणि चान्स ह्या दोन्ही गोष्टी डोक्यातून काढा आणि ती तिथे रोज कशी राहणार ह्यावर कॉलेज ठरवा. का ते सविस्तर लिहिते, जरा लांबेल.

आधी कॉलेज इथे नेमकं काय करतं ते बघू, कारण आपल्याकडच्या पद्धतीशी ते जुळत नाही. पुण्यात फर्ग्युसनला ॲडमिशन घेतली की लेक्चर फर्ग्युसनमध्ये, प्रॅक्टिकल फर्ग्युसनमध्ये, डिग्री फक्त विद्यापीठाची. केंब्रिजला लेक्चर, लॅब, परीक्षा आणि डिग्री सगळं युनिव्हर्सिटीचं, म्हणजे इंजिनिअरिंगची सगळ्या कॉलेजांची मुलं एकाच डिपार्टमेंटच्या हॉलमध्ये बसून तेच लेक्चर ऐकतात आणि तोच पेपर देतात. कॉलेजकडे राहणं, जेवण, ट्यूटर, आणि सुपरव्हिजन म्हणजे एक-दोन मुलांना समोर बसवून शिकवणं. अशी ३१ कॉलेजं आहेत, सगळ्यात जुनं पीटरहाउस १२८४ सालचं. त्यातली डार्विन आणि क्लेअर हॉल फक्त पोस्टग्रॅज्युएट मुलांना घेतात, ह्यूज हॉल, सेंट एडमंड्स आणि वुल्फसन पदवीसाठी २१ वर्षांच्या पुढच्यांनाच घेतात, म्हणजे ही पाच तुमच्या यादीतून आपोआप गेली.

आता नावाचं. डिग्रीवर केंब्रिज असतं, नोकरी देणाऱ्याला कॉलेजशी देणंघेणं नसतं. आपल्याच लोकांची उदाहरणं बघा ना, रँग्लर परांजपे १८९९ ला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले ते सेंट जॉन्सचे, सी. डी. देशमुख जीझसचे, आणि जयंत नारळीकर १९५७ ला गेले ते फिट्झविल्यम हाउसला, जे तेव्हा पूर्ण कॉलेजसुद्धा नव्हतं, कॉलेजचा दर्जा त्याला १९६६ ला मिळाला. नारळीकर तिथून सीनियर रँग्लर झाले, पुढे किंग्ज कॉलेजचे फेलो, म्हणजे तिथल्या अध्यापक-संशोधकांपैकी एक, झाले. कुणी त्यांना विचारलं का की फिट्झविल्यमलाच का गेलात म्हणून. ट्रिनिटी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, गणित करणाऱ्या मुलांची तिथे जेवढी गर्दी आणि जेवढा दबदबा आहे तेवढा क्वचित कुठे असेल, रामानुजन तिथलेच, आणि श्रीमंत कॉलेज असल्याने सोयीही भरपूर. फक्त तिथे अर्ज करणारी मुलंही तशीच तयारीची असतात, आणि ट्रिनिटीत सातशेच्या आसपास पदवीची मुलं आहेत, ज्या मुलीला छोटी जागा मानवते तिला ते मोठं वाटू शकतं. तिथे जायचंच असेल तर ह्या कारणांचा विचार करून जावं, नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं म्हणून नको.

कुठल्या कॉलेजचे निकाल वरचे ह्याच्या याद्या फिरतात, टॉम्पकिन्स टेबल म्हणतात त्याला, त्याकडेही फार बघू नका. ती अनधिकृत आहे आणि कॉलेजमध्ये कुठल्या विषयाची किती मुलं आहेत त्याचा तिच्यावर परिणाम होतो, तुमच्या लेकीला इंजिनिअरिंग कसं शिकवलं जाईल हे त्यातून कळत नाही.

चान्सचं जरा नीट समजून घ्या, कारण ह्यात लोक आठवडेच्या आठवडे घालवतात, जुन्या आकड्यांची एक्सेल शीट बनवतात. एका कॉलेजला एका विषयात वर्षाला पाच-दहा-पंधरा जागा असतात, एवढ्या लहान आकड्यांत ह्या वर्षी गर्दी कमी दिसली म्हणून पुढच्या वर्षी कमीच राहील असं काही नसतं, उलट सगळ्यांनी तोच आकडा बघून तिथेच अर्ज टाकलेला असतो. आणि दुसरं म्हणजे पूल. एखाद्या कॉलेजकडे चांगली मुलं जास्त आली आणि जागा संपल्या तर ते त्या मुलांच्या फाइली पूलमध्ये टाकतं, मग बाकीची कॉलेजं त्यातून आपल्याला हवी ती मुलं उचलतात, जानेवारीत. ऑफर मिळालेल्या मुलांपैकी साधारण पाचातलं एक ह्या वाटेने, म्हणजे निवडलेल्या कॉलेजऐवजी भलत्याच कॉलेजमधून आत येतं. प्रवेश परीक्षा, इंजिनिअरिंगला इसॅट, सगळ्यांना एकच असते आणि त्याचे मार्क सगळ्या कॉलेजांना दिसतात. त्यामुळे चांगल्या मुलीने गर्दीच्या कॉलेजला अर्ज केला म्हणून ती बुडते असं होत नाही, आणि तयारी कमी असलेल्या मुलाने रिकामं वाटणारं कॉलेज टाकलं म्हणून तो तरत नाही. ज्यांना खरंच काही फरक पडत नाही त्यांच्यासाठी ओपन ॲप्लिकेशन असतं, कॉलेज न टाकता अर्ज, मग कॉम्प्युटर त्या विषयाला त्या वर्षी तुलनेने कमी अर्ज आलेलं कॉलेज देतो आणि त्यानंतर तुमच्याकडे बाकीच्यांसारखंच बघितलं जातं. वाईट पर्याय नाहीये तो, पण तुमची लेक शाकाहारी आहे, पहिल्यांदाच घराबाहेर राहणार आहे आणि सुट्टीत दर वेळी घरी येणं परवडणार नाही असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तिला फरक पडणार आहे. तिने निवडावं.

शिकवण्याच्या बाबतीत कॉलेजने जो काही फरक पडतो तो सुपरव्हिजनमध्ये. इंजिनिअरिंगला हे असं चालतं, की डिपार्टमेंट प्रत्येक विषयाचे एक्झाम्पल्स पेपर, म्हणजे सरावाच्या प्रश्नांचे संच, देतं, मुलं ते घरी सोडवतात, आदल्या दिवशी सुपरव्हायझरकडे देतात आणि मग दोघं मिळून एक तास त्याच्यासमोर बसतात. मागच्या बाकावर लपायची सोय नाही, गणित अडलं तर कुठे अडलं हे त्याच तासात उघडं पडतं आणि तिथेच कागदावर सोडवून घेतलं जातं. आपल्याकडून आलेली मुलं पहिले काही आठवडे गप्प बसतात, चुकीचं बोललो तर काय म्हणून, आणि अगदी त्यांनाच ह्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. हे सगळं जुळवून देणारा माणूस म्हणजे डायरेक्टर ऑफ स्टडीज, प्रत्येक कॉलेजमध्ये विषयाला एक तरी असतो, तुमची जोडी कुणाशी, सुपरव्हायझर कोण, टर्मच्या शेवटी रिपोर्ट कसा आला हे तो बघतो. तेव्हा कॉलेज बघताना हे बघा की तिथे इंजिनिअरिंगचे फेलो किती आहेत आणि एका वर्षात इंजिनिअरिंगची मुलं किती घेतात. पीटरहाउससारख्या छोट्या कॉलेजमध्ये वर्षाला मोजकीच असतात, घरगुती वातावरण असतं, पण त्या चार-सहा जणांशी जमलं नाही तर विषयाचं बोलायला दुसरं कुणी नाही. चर्चिल १९६० ला सुरू झालं तेच विज्ञान-तंत्रज्ञानावर भर द्यायचा म्हणून, तिथे सत्तर टक्क्यांच्या आसपास मुलं ह्या विषयांची, रात्री अकराला एक्झाम्पल्स पेपरचा सहावा प्रश्न अडला तर कॉरिडॉरमध्ये दार ठोठावायला कुणीतरी सापडतंच. उलट काही मुलांना दिवसभर डिपार्टमेंटमध्ये इंजिनिअरिंग केल्यावर जेवताना तरी इतिहास, संगीत शिकणाऱ्यांशी गप्पा हव्या असतात, त्यांनी सगळ्या विषयांची मुलं असलेलं कॉलेज बघावं. तुमची लेक कशातली हे तिलाच विचारा.

अंतराचं सांगते. गाव सपाट आहे, सगळे सायकलवर असतात, विद्यार्थ्यांना टर्ममध्ये गाडी ठेवायला परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही. पदवीच्या मुलांनी टर्ममध्ये गावाच्या मध्यावरच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं असा युनिव्हर्सिटीचा नियमच आहे. इंजिनिअरिंगची मुख्य इमारत ट्रंपिंग्टन स्ट्रीटला, म्हणजे पेम्ब्रोक, पीटरहाउस, डाउनिंग ही चालत पाच-सात मिनिटांवर, होमर्टन स्टेशनच्या बाजूला सायकलने दहाएक मिनिटं, आणि चर्चिल, फिट्झविल्यम, मरी एडवर्ड्स ही टेकडीकडची कॉलेजं सायकलने थोडी लांब, आल्यावर एक चढ. गर्टन सगळ्यात लांब, मध्यापासून अडीच मैल, त्यामुळे लोक नाक मुरडतात, पण तिथे जागा प्रशस्त, स्वतःचा स्विमिंग पूल आणि गर्दीपासून लांब शांतता, तिथे राहिलेल्या मुली सहसा ते कॉलेज सोडून दुसऱ्याचं कौतुक करत नाहीत. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि सकाळी नऊच्या लेक्चरला पावसातून सायकल हाणायची असते एवढं मात्र लक्षात ठेवा, पाच मिनिटं आणि वीस मिनिटं ह्यातला फरक तेव्हा कळतो.

आता जी गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीत असते आणि जी आपल्या मुलांना रोज भेडसावते ती म्हणजे स्वयंपाकघर. इथे त्याला जिप रूम म्हणतात. काही कॉलेजांत, विशेषतः जुन्या इमारतींत, जिप रूम म्हणजे एक सिंक, एक मायक्रोवेव्ह, एक छोटा फ्रिज आणि फार तर दोन हॉटप्लेट, आणि ते आठ-दहा जणांत. ओव्हन नसतोच. खोलीत राइस कुकर, इंडक्शन, टोस्टर ठेवायला बहुतेक ठिकाणी बंदी. वर स्मोक डिटेक्टर इतका तिखट की मोहरीची फोडणी दिली आणि दार उघडं राहिलं की अलार्म वाजून त्या जिन्यावरची सगळी मुलं रात्रीच्या कपड्यांत अंगणात उभी, पोर्टर म्हणजे कॉलेजचा दरवान यादी घेऊन मोजतोय. हे हमखास घडतं, दर वर्षी कुणा ना कुणाच्या बाबतीत. नव्या बांधणीच्या इमारती असलेल्या कॉलेजांत नीट स्वयंपाकघर मिळायची शक्यता जास्त, चार बर्नर, ओव्हन, टेबल, तिथे कुकर लावून वरण-भात करता येतो, रविवारी चार मित्रांना पोहे घालता येतात. कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं, व्हीगनही मिळतं, पण चार वर्षं रोज भाजलेल्या भाज्या, चीज आणि पास्ता खाणं ज्याच्या त्याच्या जिभेवर आहे, आणि तुमच्या घरी कांदा-लसूण चालत नसेल तर स्वतःचं स्वयंपाकघर हा कॉलेज निवडताना पहिला निकष ठेवा, बिनदिक्कत. काही कॉलेजं दर टर्मला किचन चार्ज म्हणून ठरावीक रक्कम घेतात, तुम्ही हॉलमध्ये जेवा नाहीतर नका जेवू, तेही विचारून घ्या.

दुसरी तशीच गोष्ट म्हणजे सुट्टी. इथे टर्म आठ आठवड्यांची, अशा तीन, ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात, जानेवारीचा मध्य ते मार्चचा मध्य, आणि एप्रिलअखेर ते जून. म्हणजे वर्षातले अठ्ठावीस आठवडे सुट्टीच. इंग्लंडातल्या मुलांचे आईबाप टर्मच्या शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन येतात, सामान भरतात आणि जातात. बऱ्याच कॉलेजांत खोली फक्त टर्मपुरती भाड्याने असते, टर्म संपली की खोली रिकामी करायची, पुस्तकं, भांडी, गाद्यांवरच्या चादरी सगळं खोक्यात भरून स्टोअर रूममध्ये ठेवायचं, कारण कॉलेज ती खोली कॉन्फरन्सच्या पाहुण्यांना देतं. परदेशी मुलांना सामान ठेवायला जागा मिळते पण कुठे भरपूर तर कुठे दोनच खोकी. डिसेंबरात तिकीट काढून नाशिकला यायचं, जानेवारीत परत, मार्चमध्ये पुन्हा तोच प्रश्न. ज्या कॉलेजांत वर्षभराच्या किंवा अडतीस-चाळीस आठवड्यांच्या कराराने खोली मिळते, किंवा अर्ज केला की परदेशी मुलांना सुट्टीत राहू देतात, ते आपल्यासाठी सोन्यासारखं, भाडं जास्त दिसलं तरी. हे कुठे कसं आहे ते दर काही वर्षांनी बदलतं म्हणून मी कॉलेजची नावं देत नाही, थेट विचारा. चारांतली पहिली तीन वर्षं तरी कॉलेजचीच खोली मिळते का, की दुसऱ्या वर्षी गावात घर शोधायचं, हेही त्यातच विचारा. बहुतेक कॉलेजं देतात.

पैशांबद्दल एक गोष्ट बऱ्याच घरांना ऑफर आल्यावर कळते आणि धक्का बसतो. परदेशी विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटीची ट्यूशन फी असते, ती विषयावर ठरते आणि सगळ्या कॉलेजांत सारखी. तिच्यावर वेगळी कॉलेज फी असते, वर्षाला दहा हजार पौंडांच्या आसपास, आणि ही कॉलेजप्रमाणे बदलते. शिवाय खोलीचं भाडं, त्यात एका कॉलेजच्या आणि दुसऱ्याच्या आठवड्याच्या भाड्यात सहज पन्नास-साठ पौंडांचा फरक पडतो. चार वर्षांचा कोर्स आहे, एम.इंजि. पर्यंत, गुणाकार करून बघा. पैसे कुठून येणार ह्याचा पुरावा कॉलेज मागतं, तेव्हा हा हिशोब ऑक्टोबरच्या आत घरात बसून झालेला बरा. पदवीच्या परदेशी मुलांना पूर्ण खर्चाची स्कॉलरशिप फार क्वचित मिळते, थोडीफार मदत कुठे कुठे असते, ती गृहीत धरून अर्ज करू नका.

मुलींच्या कॉलेजांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मी सुचवते. न्यूनम १८७१ चं आणि मरी एडवर्ड्स, ही दोन फक्त मुलींसाठी. पालकांना सुरक्षिततेसाठी आवडतात, मुलींना बंधन वाटतं, आणि दोघांचीही समजूत अर्धवट असते. लेक्चर, लॅब, क्लब सगळं मिश्र, मित्र जेवायला येऊ शकतात, वेळेवर परत येण्याचं वगैरे काही नाही. फायदा वेगळाच आहे, इंजिनिअरिंगच्या लेक्चर हॉलमध्ये मुली अजूनही कमी दिसतात, आणि संध्याकाळी परत आल्यावर आसपास आपल्यासारख्याच विज्ञान करणाऱ्या मुली असणं, वरच्या वर्षाची मुलगी हाताशी असणं, ह्याने पहिल्या वर्षी धीर येतो. मी अशा मुलींना शिकवलंय ज्या पूलमधून तिथे पोचल्या, पहिल्या महिन्यात नाराज होत्या आणि दुसऱ्या वर्षी नव्या मुलींना घ्यायला स्टेशनवर गेल्या. लेकीला दोन्ही कॉलेजांची पानं वाचू द्या, तिला नकोच वाटलं तर सोडून द्या.

हे वाचणाऱ्यांत एम.फिल. किंवा पीएच.डी. साठी जाणारेही असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमचा प्रवेश डिपार्टमेंट ठरवतं, कॉलेज नंतर, फॉर्मवर दोन पसंती द्यायच्या किंवा काहीच नाही द्यायची, अटी पूर्ण केल्यात तर कुठलं तरी कॉलेज मिळतंच. तुमचं शिकवणं कॉलेजकडे नसल्याने तुम्ही फक्त राहण्याचा विचार करा. अठरा वर्षांच्या मुलांच्या गोंगाटापेक्षा आपल्या वयाची माणसं हवी असतील तर डार्विन, क्लेअर हॉल, वुल्फसन बघा, क्लेअर हॉल आणि वुल्फसनमध्ये प्रोफेसरांसाठी वेगळं उंच टेबल नसतं, सगळे एकत्र जेवतात. नवरा-बायको, लहान मूल असं येणार असाल तर फॅमिली फ्लॅट किती आहेत आणि वेटिंग लिस्ट किती मोठी हे अर्जाच्या वेळीच विचारा, ऑफर आल्यावर विचारलं तर फार उशीर होतो. आणि अर्ज लवकर करा, काही कॉलेजं भरली की पुढचे अर्ज घेत नाहीत.

परत तुमच्या लेकीकडे. अर्जाची तारीख १५ ऑक्टोबर, पण इसॅटची नोंदणी सप्टेंबरातच बंद होते, ती चुकली तर कॉलेजचा प्रश्नच उरत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही हेही ठाऊक असू द्या. मी तुमच्या जागी असते तर ऑगस्टमध्ये तिच्यासोबत बसून चार कॉलेजं काढली असती, तुमच्या लिहिण्यावरून मला चर्चिल, होमर्टन, मरी एडवर्ड्स आणि डाउनिंग सुचतात, पण तिला गर्टन आवडलं तर गर्टन. विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली माहितीपत्रकं इंटरनेटवर असतात, कॉलेजच्या गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा ती जास्त खरी बोलतात, ती वाचा. मग त्या चौघांच्या ॲडमिशन ऑफिसला तिने स्वतः, तिच्या नावाने, ईमेल करावी, तुम्ही किंवा एजंटने नको. त्यात एवढंच विचारायचं, की पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वयंपाकघर कसं आहे आणि त्यात हॉब म्हणजे शेगडी आहे का, डिसेंबर आणि मार्चच्या सुट्टीत परदेशी विद्यार्थ्याला खोलीत राहता येतं का आणि त्याचे किती पैसे, ह्या वर्षीची परदेशी विद्यार्थ्यांची कॉलेज फी किती, वर्षाला इंजिनिअरिंगची साधारण किती मुलं घेतात, आणि ती महाराष्ट्र बोर्डाची असेल तर तिच्या बारावीला किती टक्क्यांची अट घालतील. शेवटचा प्रश्न टाळू नका, राज्यांच्या बोर्डांचे नियम सीबीएसईपेक्षा वेगळे आहेत. हे लोक उत्तरं देतात, बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत आणि मनापासून, आणि कोण कसं उत्तर देतं त्यावरूनही तिला पुष्कळ कळेल.

आणि पूलबद्दल तिला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे जानेवारीत जे कॉलेज निवडलं नव्हतं त्याचं पत्र आलं तर तिला ती नापास झाल्यासारखं वाटायला नको. त्या पत्राचा अर्थ एवढाच की तिची फाइल वाचून कुणीतरी तिला मागून घेतलंय. नंतर कॉलेज बदलता येत नाही, अगदी अपवादानेच, त्यामुळे त्या दिवशी त्याच पाच प्रश्नांची ईमेल नव्या कॉलेजला पाठवायची आणि तयारीला लागायचं.